संकेतस्थळाची नक्कल आणि तिची जागा

ठाण्याची खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९६० च्या दशकात ठाणे-बेलापूर औद्योगिक क्षेत्र उभारले, तेव्हा तेथे प्रामुख्याने रसायने, औषधे, रंग आणि यंत्रसामग्री यांचे कारखाने आले. त्याच पट्ट्यातील महापे, रबाळे, ऐरोली आणि घणसोली येथे आज खिडक्या नसलेल्या, अहोरात्र वातानुकूलित राहणाऱ्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांत माहिती साठवली व पुरवली जाते. या इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. जुलै २०२० मध्ये पनवेल येथे ‘योट्टा एनएम १’ हे चौथ्या श्रेणीचे भव्य डेटा सेंटर सुरू झाले आणि देशातील डेटा सेंटरांचे एक प्रमुख ठिकाण म्हणून नवी मुंबईचे स्थान पक्के झाले. माहिती ‘क्लाउडमध्ये’ आहे, म्हणजे जणू आकाशात कोठेतरी सुरक्षित आहे, असे सामान्य वापरकर्त्याला वाटते; प्रत्यक्षात ती अशाच एखाद्या इमारतीत, लोखंडी कपाटासारख्या रॅकमध्ये बसवलेल्या एका यंत्राच्या डिस्कवर असते आणि त्या जागेला वीज, पाणी, आग व माणसाची चूक या चारही गोष्टी लागू असतात.

वाशीच्या बाजार समितीतील मसाल्याचा व्यापारी, नेरुळमधील गृहनिर्माण संस्था, खारघरमधील शिकवणी वर्ग किंवा बेलापूरमधील लहान रुग्णालय यांपैकी कोणीही स्वतःचे संकेतस्थळ सुरू करतो, तेव्हा तो बहुधा स्वतःचा सर्व्हर विकत घेत नाही. सर्व्हर म्हणजे मागणी येताच माहिती पुरवणारा, सतत चालू असलेला संगणक. त्यावरील थोडी जागा वर्षाच्या भाड्याने घेण्याच्या व्यवस्थेला वेब होस्टिंग म्हणतात आणि भाडेकरूच्या नावे जे दालन उघडले जाते ते त्याचे होस्टिंग खाते. स्वस्त प्रकारात एकाच सर्व्हरवर अशी शेकडो खाती शेजारी-शेजारी नांदत असतात. भाडे भरले की आपली जबाबदारी संपली, असा समज सर्रास आढळतो. मात्र बहुतेक होस्टिंग करारांतील बारीक अक्षरांतले कलम असे सांगते की कंपनी आपल्या सोयीसाठी बॅकअप घेत असली, तरी खातेदाराने स्वतःची प्रत स्वतंत्रपणे ठेवणे अपेक्षित आहे. हे कलम का मानावे आणि ते पाळायचे म्हणजे नेमके काय करायचे, याचा विचार खातेदाराने संकट येण्याच्या आधीच करायला हवा.

खात्यात काय काय असते

बॅकअप म्हणजे मूळ नष्ट झाले तरी त्यावरून सारे पुन्हा उभे करता येईल अशी वेगळी ठेवलेली प्रत. तेव्हा उभे करायचे काय काय आहे, हे आधी मोजून घ्यावे लागते. होस्टिंग खात्यात साधारणपणे चार प्रकारचा ऐवज असतो. पहिला म्हणजे फाइली: पानांचा सांगाडा, छायाचित्रे, पीडीएफ आणि संकेतस्थळ चालवणारी प्रणाली, जी बहुधा ‘पब्लिक एचटीएमएल’ नावाच्या फोल्डरमध्ये असते. दुसरा म्हणजे डेटाबेस, अर्थात रकान्यांमध्ये मांडलेली माहिती, जिच्यात लेखांचा मजकूर, ग्राहकांची नोंदणी, मागण्या आणि पावत्या साठतात. तिसरा ऐवज म्हणजे त्याच खात्यावर चालणाऱ्या ईमेलच्या पेट्या आणि चौथा म्हणजे मांडणीच्या नोंदी: कोणत्या नावाचा पत्ता कोणत्या सर्व्हरकडे न्यायचा हे सांगणारी डीएनएस नोंद, ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामे आणि सुरक्षा प्रमाणपत्रे.

या चारांपैकी फक्त फाइली उतरवून घेतल्या की बॅकअप झाला, असे मानणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक होय. वर्डप्रेससारख्या प्रणालीवर चालणाऱ्या संकेतस्थळात छायाचित्रे फाइलींत असतात, पण लेखाचे एक अक्षरही फाइलींत नसते. ते सारे डेटाबेसमध्ये असते. त्यामुळे केवळ फाइली जपणाऱ्याच्या हाती संकटानंतर घराच्या भिंती आणि तसबिरी उरतात, कागदपत्रांचे कपाट मात्र गेलेले असते. याखेरीज संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, ही होस्टिंगपासून वेगळी गोष्ट आहे आणि तिचे नूतनीकरणही वेगळे करावे लागते. सर्व माहिती जपली तरी डोमेनची मुदत उलटून ते दुसऱ्याच्या हाती गेले, तर ग्राहक जुन्या पत्त्यावर येऊन परक्याच्या दारात उभा राहतो.

चालू राहणे आणि परत मिळणे

चांगल्या डेटा सेंटरची ख्याती त्याच्या अखंडतेवर उभी असते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी ग्रिडमधील बिघाडामुळे मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागातील वीज गेली आणि लोकलगाड्याही जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी काम चालू राहावे म्हणूनच या इमारतींत बॅटऱ्या आणि डिझेलवर चालणारे जनित्रसंच सज्ज ठेवलेले असतात. चौथ्या श्रेणीच्या केंद्रासाठी ९९.९९५ टक्के उपलब्धता मानली जाते, म्हणजे वर्षभरात सुमारे २६ मिनिटांपेक्षा अधिक काळ सेवा बंद राहू नये. ही कामगिरी मोठी आहे, परंतु ती एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. सर्व्हर चालू राहील का, हा एक प्रश्न. आणि खातेदाराने चुकून पुसलेला किंवा हल्लेखोराने बिघडवलेला मजकूर परत मिळेल का, हा दुसरा. उत्तमोत्तम सर्व्हर पुसलेली गोष्ट पुसलेल्या अवस्थेत तितक्याच निष्ठेने सांभाळतो.

या दोन प्रश्नांतील अंतर नवी मुंबईच्या दक्षिणेस, उरण तालुक्यातील न्हावा शेवा बंदरात २०१७ साली स्पष्ट दिसले. त्या वर्षीच्या २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ या नावाने ओळखला गेलेला घातक प्रोग्राम युक्रेनमधून जगभर पसरला आणि डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीची संगणकव्यवस्था त्यात कोलमडली; तिच्या समूहातील संस्था चालवत असलेले जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलही त्या तडाख्यात सापडले आणि कंटेनरांची ये-जा विस्कळीत झाली. कंपनीला सुमारे १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असे तिच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले. सर्वांत बोधप्रद भाग मात्र याहून लहान आहे. कोणत्या कर्मचाऱ्याला कोणत्या यंत्रात प्रवेश द्यायचा, याची नोंदवही ठेवणारे सर्व्हर कंपनीकडे सुमारे दीडशे होते आणि ते एकमेकांशी सतत जुळवून घेत असल्यामुळे त्यांपैकी प्रत्येक जण इतरांची प्रत समजला जात होता. परंतु हल्ला एकाच वेळी सगळ्यांवर झाला आणि या सगळ्या प्रती एकदमच गेल्या. उरली ती एकच, घाना देशातील. कारण हल्ल्याच्या आधी तेथे वीज गेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता. त्यावरची माहिती माणसांकरवी ब्रिटनमध्ये नेऊन उभारणीची सुरुवात झाली.

यातून निघणारा नियम लहान खातेदारालाही जसाच्या तसा लागू होतो: सतत जुळवून घेणारी प्रत ही प्रत नव्हे, ती मुळाचीच सावली आहे. दोन डिस्कांवर एकाच वेळी लिहिणारी रेड नावाची रचना एक डिस्क बिघडली तर उपयोगी पडते, पण चुकीचा आदेश ती दोन्ही डिस्कांवर सारख्याच तत्परतेने पाळते. मोबाइलवर दिसणारी ईमेलही पुष्कळदा अशीच जुळवलेली असते. सर्व्हरवरील पत्र पुसले की मोबाइलमधलेही जाते. बॅकअप म्हणायचा तर त्या प्रतीची मुळापासून नाळ तुटलेली असली पाहिजे.

एकाच छताखालचा धोका

नाळ तुटली तरी प्रत मुळाच्या शेजारीच ठेवली, तर दुसरा धोका उरतोच. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या आवारात आग लागली, एक इमारत पूर्ण जळाली, दुसरीचा काही भाग गेला आणि नेटक्राफ्ट या पाहणी करणाऱ्या संस्थेच्या अंदाजानुसार ३६ लाख संकेतस्थळे बंद पडली. जीवितहानी झाली नाही, परंतु काही ग्राहकांचे मूळ आणि बॅकअप दोन्ही एकाच आगीत नष्ट झाले; अशा एका ग्राहकाला भरपाई द्यावी, असा निर्णय २०२३ मध्ये तेथील न्यायालयाने दिला. महाराष्ट्रालाही हा धडा नवा नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत माणसे दगावली आणि असंख्य फाइली भस्मसात झाल्या. ज्या कागदांची प्रत अन्यत्र होती, तेवढेच पुन्हा मांडता येण्याजोगे राहिले.

म्हणूनच या क्षेत्रात ‘तीन-दोन-एक’ हा नियम रूढ झाला आहे, ज्याची मांडणी पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने केली: माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या ठिकाणी असावी. दुसरे ठिकाण किती दूर असावे, याचे कठोर उत्तर भारतीय भांडवल बाजाराच्या नियमांत मिळते. शेअर बाजारांचे आपत्तीकाळातील पर्यायी केंद्र शक्यतो वेगळ्या भूकंप-क्षेत्रात असावे आणि ते शक्य नसल्यास मूळ केंद्रापासून किमान ५०० किलोमीटरवर असावे, असे सेबीने घालून दिले आहे. गृहनिर्माण संस्थेला किंवा व्यापाऱ्याला इतक्या काटेकोरपणाची गरज नसली, तरी तत्त्व तेच आहे. महापेतील सर्व्हरवरच्या संकेतस्थळाची एक प्रत कार्यालयातील बाह्य हार्डडिस्कवर आणि दुसरी हैदराबाद किंवा चेन्नई येथील वेगळ्या कंपनीच्या साठवणीत ठेवली, तर एकच पूर, एकच आग किंवा एकाच कंपनीशी झालेला बिलाचा वाद तिन्ही प्रती हिरावून घेऊ शकत नाही. पाण्याच्या बाबतीत ही सावधगिरी अनाठायी नाही, कारण नवी मुंबईचा मोठा भाग भरतीच्या पातळीलगतच्या सखल जमिनीवर वसला आहे आणि पावसाचे पाणी भरतीच्या वेळी साठवून ओहोटीला सोडण्यासाठी सिडकोला येथे धारण तलाव बांधावे लागले आहेत.

प्रत कशी घ्यावी

बहुतांश भाड्याच्या खात्यांबरोबर सी-पॅनेलसारखा नियंत्रण-फलक मिळतो आणि त्यात ‘बॅकअप’ असा पर्याय असतो. त्यातून संपूर्ण खात्याचे एकच दाबून बांधलेले गाठोडे तयार होते व ते उतरवून घेता येते. परंतु एक बारकावा अनेकांना उशिरा कळतो, तो असा की सी-पॅनेलमधील हे संपूर्ण गाठोडे खातेदाराला त्याच फलकावरून स्वतः परत चढवता येत नाही, त्यासाठी होस्टिंग कंपनीच्या व्यवस्थापकाची मदत लागते. याउलट फाइलींचे फोल्डर आणि प्रत्येक डेटाबेस यांच्या सुट्या प्रती खातेदार स्वतः परत चढवू शकतो. त्यामुळे महिन्यातून एकदा संपूर्ण गाठोडे आणि दररोज किंवा दर आठवड्याला सुट्या प्रती, अशी जोडी ठेवणे शहाणपणाचे ठरते. गाठोडे तयार झाल्यावर ते त्याच खात्यात पडून राहू देणे मात्र व्यर्थ आहे. ते भाड्याची जागा खाते आणि खाते गेले की त्याच्याबरोबर जाते.

वेळेचा हिशेबही आधी मांडता येतो. ५ गिगाबाइटचे खाते म्हणजे सुमारे ४०,००० मेगाबिट. सेकंदाला २० मेगाबिट वेग प्रत्यक्षात मिळाला, तर ते उतरवायला २,००० सेकंद, म्हणजे सुमारे ३३ मिनिटे लागतात. एवढा वेळ रोज काढणे शक्य नसेल, तर आधीच्या प्रतीनंतर जे बदलले तेवढेच घेणारी वाढीव प्रत वापरावी आणि हे काम ठरल्या वेळी रात्री आपोआप होईल अशी योजना करावी, कारण माणसाच्या आठवणीवर सोडलेले काम नेमके ज्या आठवड्यात हवे असते त्याच आठवड्यात राहून जाते.

देवनागरी मजकुराची काळजी

मराठी संकेतस्थळांना एक खास धोका आहे, ज्याची इंग्रजी पुस्तकांत क्वचितच दखल घेतली जाते. संगणक अक्षरे साठवत नाही, अंक साठवतो. सध्या सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत ‘मराठी’ हा शब्द म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशा पाच चिन्हांचा बनतो आणि प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्यामुळे तो १५ बाइटांत साठवला जातो. जुन्या मायएसक्यूएल डेटाबेसांत मात्र पश्चिम युरोपी लिपीसाठी बनवलेली ‘लॅटिन-१’ ही पद्धत मूळ गृहीत असे; अशा ठिकाणी साठलेला मराठी मजकूर संकेतस्थळावर नीट दिसत असला, तरी प्रत घेताना किंवा परत चढवताना पद्धत चुकली की त्याचे दोनपैकी एक होते. एक तर प्रत्येक बाइटचे वेगळे परदेशी अक्षर होऊन डोक्यावर टोप्या आणि टिंबे असलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसते, जी जाणकार उलट क्रमाने पुन्हा मराठीत आणू शकतो. किंवा प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह येते आणि तसे झाले की मूळ अंकच पुसले गेल्यामुळे त्या प्रतीतून मजकूर कधीही परत मिळत नाही. प्रत घेतल्याबरोबर डेटाबेसची फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडून तिच्यातली एखादी मराठी ओळ डोळ्यांनी वाचून पाहणे, ही दोन मिनिटांची तपासणी मराठी खातेदाराने कधीही टाळू नये. नवे खाते घेताना ‘यूटीएफ-८ एमबी-४’ ही पद्धत निवडली, तर देवनागरीबरोबर भावचिन्हेही शाबूत राहतात.

किती जुनी प्रत हवी

ताजी प्रत हीच उत्तम, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण संकेतस्थळात शिरलेला घातक कोड पुष्कळदा आठवडेच्या आठवडे गुपचूप पडून असतो आणि तेवढ्या काळातील सर्व ताज्या प्रती त्याच्यासकट घेतल्या गेलेल्या असतात. त्यामुळे जुनी प्रत पुसून तिच्याच जागी नवी ठेवण्याऐवजी ‘आजोबा-वडील-मुलगा’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत वापरावी: सात दिवसांच्या सात, चार आठवड्यांच्या चार आणि बारा महिन्यांच्या बारा अशा २३ प्रतींत एका वर्षाचा मागोवा राहतो. किती अंतराने प्रत घ्यावी, याचे उत्तर किती काळाचे काम पुन्हा करणे परवडेल या प्रश्नात आहे. वर्षातून दोनदा बदलणाऱ्या संस्थेच्या माहितीपत्रकाला महिन्याची प्रत पुरते, पण दिवसाला पन्नास मागण्या घेणाऱ्या दुकानाला एका दिवसाची दरीही मोठी आहे. कंपन्यांच्या हिशेबवह्यांबाबत तर कायद्यानेच हे ठरवले आहे. इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवलेल्या हिशेबांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर दररोज घेतला पाहिजे, अशी दुरुस्ती ऑगस्ट २०२२ मध्ये झाली.

प्रत उघडून पाहणे

ज्या प्रतीवरून काही उभे करून पाहिलेले नाही, तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरील माहिती पुसली, तेव्हा बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही ठरवल्याप्रमाणे चालत नसल्याचे उघड झाले. एका पद्धतीत प्रोग्रामची आवृत्ती जुळत नसल्याने प्रत तयारच होत नव्हती आणि तशी सूचना देणारी ईमेल सर्व्हरकडून नाकारली जात होती; अखेर सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी घेतलेली एक प्रत हाती लागली म्हणून उरलेले वाचले. कंपनीने हे सारे प्रामाणिकपणे जाहीर केले, हे तिचे मोठेपण. लहान खातेदाराने तीन महिन्यांतून एकदा आपली प्रत वेगळ्या उपडोमेनवर किंवा स्वतःच्या संगणकावर उभी करावी, एखादी पावती उघडावी, एखादा फॉर्म भरून पाहावा, मराठी मजकूर वाचावा आणि किती वेळ लागला ते टिपून ठेवावे. ३१ मार्च हा दिवस जगात बॅकअप दिन म्हणून पाळला जातो आणि आपल्याकडे त्याच दिवशी हिशेबाचे वर्ष संपते. वर्षाचा ताळेबंद मिटवताना ही तपासणीही उरकणे सोपे जाते.

या प्रतींमध्ये ग्राहकांची नावे, दूरध्वनी क्रमांक आणि डेटाबेसचे पासवर्डही असतात, म्हणून त्या कुलूपबंद करून, म्हणजे सांकेतिक रूपात, ठेवाव्यात. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा २०२३ चा कायदा मूळ आणि प्रत असा भेद करत नाही. आणि त्या कुलपाची किल्ली, डोमेनचे नोंदणीखाते व होस्टिंगचा पासवर्ड हे संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावावर नव्हे, तर मालकाच्या नावावर आणि संस्थेतील किमान दोघांना ठाऊक असावेत, कारण एकट्या माणसाकडे असलेली किल्ली त्याच्याबरोबरच हरवते.

नवी मुंबईला नक्कल जपण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. ज्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले, तेथील प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के योजनेतील भूखंडावर हक्क सांगताना जुन्या सातबाराची नक्कल आणि भूसंपादनाच्या निवाड्याची प्रत दाखवावी लागली. कचेरीत मूळ असतानाही घरच्या ट्रंकेत कागद जपून ठेवणाऱ्यांनी त्या कागदाची किंमत आधीच ओळखली होती. होस्टिंग खात्याची नक्कल हाही तोच कागद आहे, फक्त त्याची ट्रंक बदलली आहे. घानामधला तो एक सर्व्हर वीज गेल्यामुळे वाचला. व्यापाऱ्याच्या, शाळेच्या, संस्थेच्या कामाची एक प्रत दूर, तुटलेली आणि तपासलेली असणे हे मात्र वीज जाण्यावर सोडता येणार नाही, ते कोणीतरी ठरवून करावे लागते.